पाळीपत्रक संगणक काढतो, मग शेतकी विभाग कशाला?



“नोंद मोबाईलवर, पाळी संगणकावर, मग शेतकी विभागाच्या माणसांवर खर्च कशाला?” असे आम्हांस सभेत आणि वजनकाट्यावरही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा, तेव्हा हिशोब मागायचा हक्कही त्यांचाच. शहरांतल्या मोठ्या कंपन्यांतही सध्या हाच वाद चालतो की, यंत्रे एवढी हुशार झाल्यावर प्रकल्प व्यवस्थापक हवाच कशाला? त्याचे उत्तर आपल्या फडातच आहे.

समजा, कारखाना रोज २,५०० टन गाळतो. एकरी ४० टन ऊस धरला तर रोज बासष्ट एकर फड मोकळा व्हायला हवा. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे साडेबाराशे ते साडेसोळाशे कोयते, त्यांचे मुकादम, ट्रॅक्टर, बैलगाड्या रोज नेमक्या जागी लागल्या पाहिजेत. तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला तर ठीक. पुढे वजन घटते, साखरही मोडते. जादा तोडला तर गाडीतळावर वाळतो, कमी तोडला तर उसाअभावी मिल थांबते.

संगणकाला लागणीची तारीख आणि जात कळते. को ८६०३२ चा आडसाली फड आणि कोसी ६७१ चा खोडवा यांचा क्रम तो बिनचूक लावील. पण अवकाळीने काळ्या रानात गाडी रुतली, टोळी उचल बुडवून रातोरात निघून गेली, शेजाऱ्याने वाट अडवली, हे त्याला कोण सांगणार? फडाला आग लागली की जळीत ऊस आधी तोडावाच लागतो. मग ज्याची पाळी होती त्याला “दोन दिवस थांबा” म्हणायचे, तेही तोंडावर, आणि तिसऱ्या दिवशी टोळी खरोखर पाठवायची! वजनदार माणसाचा फोन आला म्हणून एक एकरवाल्याचा ऊस तुरा येईपर्यंत उभा राहू द्यायचा नाही, हेही कुणीतरी ठामपणे धरून ठेवावे लागते. शिव्या खाणारा एक माणूस लागतोच म्हणा ना.

आपल्या उशाशी जिगाव प्रकल्पाचे उदाहरण आहे. पूर्णा नदीवरचा हा प्रकल्प नव्वदच्या दशकात मंजूर झाला तेव्हा खर्च चारशे कोटींच्या आत होता. पुढे तो हजारो कोटींवर गेला आणि २०२० साल उलटले तरी काम पुरे झाले नव्हते. निधी, भूसंपादन, पुनर्वसन ही कारणे आहेतच. पण गुंता पाहा: गावे हलल्याशिवाय पाणी अडवता येत नाही, आणि पाणी अडले तरी उपसा योजना तयार नसतील तर खारपाणपट्ट्यातल्या रानाला त्याचा उपयोग नाही. प्रत्येक काम दुसऱ्यात अडकलेले. एक मागे पडले की सगळी मागे. उलट कोकण रेल्वे पाहा. डोंगर, बोगदे, नद्या असूनही १९९० साली महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ साली गाडी सबंध मार्गावर धावली. ई. श्रीधरन यांनी मार्गाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याला जबाबदार अभियंता नेमला होता. ‘हे कोणाचे काम?’ असे विचारत फिरायची वेळ फारशी आली नसावी.

तरीही आमच्या खात्यात जो माणूस फडावर जात नाही, नुसता कार्यालयात बसून पाळीपत्रक छापतो, त्याची गरज संगणकाने संपवली आहे, हे आम्हांस मान्य आहे. त्याबद्दल सभासदांनी जरूर विचारावे.

आता थोडे कामाचे. लागणीची तारीख नोंदवताना पाळी लवकर यावी म्हणून ती मागे ढकलू नये. हात-रिफ्रॅक्टोमीटर लावला की शेंड्याचा आणि बुडख्याचा गोडवा खरे सांगतो, आणि कच्चा ऊस तुटला तर वजन तुमचेच जाते. तोडीपूर्वी आठ दिवस गाडीवाट मोकळी करून ठेवावी. टोळी जादा पैसे मागत असल्यास गट कार्यालयात त्याच दिवशी कळवावे. आणि १५ फेब्रुवारीनंतर तुटणाऱ्या उसाचा खोडवा शक्यतो राखू नये.