छताचा पंखा : जमा आणि नावे

उन्हाळ्याची चाहूल लागताच घरांत व कार्यालयांत सर्वप्रथम फिरू लागतो तो छताचा पंखा. वर्षानुवर्षे विनातक्रार राबणाऱ्या या सेवकाच्या कार्याविषयी मात्र एक मूलभूत गैरसमज रूढ आहे. पंखा खोली थंड करीत नाही. तो हवा केवळ हलवितो. किंबहुना त्याला पुरविलेली वीज अखेरीस उष्णतेच्याच रूपाने त्या खोलीत उतरते. बंद खोलीत दिवसभर पंखा चालू राहिला, तर सायंकाळी ती खोली गार झालेली नसते, किंचित तापलेलीच असते. म्हणून रिकाम्या खोलीतील पंखा हा निव्वळ अपव्यय होय. (भोजनाच्या सुटीत ओस पडलेल्या काउंटरांवर गरगरणारे पंखे आपल्यापैकी कोणी पाहिले नाहीत?)

मग गारवा येतो कोठून? आपल्या त्वचेलगत शरीराच्या उष्णतेने तापलेला आणि घामाच्या वाफेने दमट झालेला हवेचा एक पातळ थर असतो. पंख्याचा झोत हा थर दूर सारतो. त्यामुळे एक तर त्वचेची उष्णता तुलनेने थंड हवेत जाते आणि दुसरे म्हणजे घाम लवकर वाळतो. यांतील दुसरा लाभ फार मोठा आहे. एक लिटर घाम त्वचेवर पूर्णपणे वाळला, तर तो शरीरातून सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. ओघळून जमिनीवर पडलेल्या घामाचा असा काहीच उपयोग नाही.

आता बदलीच्या नोकरीत ज्यांनी चेन्नई आणि बिकानेर ही दोन्ही गावे अनुभवली असतील, त्यांना पुढील मुद्दा सहज पटेल. त्वचेचे तापमान साधारणतः ३५ अंश सेल्सिअस असते. मुंबई, चेन्नईसारख्या किनारी शहरांत हवा बहुधा त्याच्या आसपास, पण दमट असते. तेथे वाळू न शकणारा घाम पंख्याच्या झोताने वाळतो व पंखा खरोखर उपकारक ठरतो. नागपूर, चंद्रपूर किंवा बिकानेर येथे पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा हिशेब उलटतो. कोरड्या हवेत घाम पंख्याविनाही वाळतोच. उलट त्वचेहून अधिक तापलेली हवा पंखा अंगावर लोटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही असाच आहे की, हवेचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यावर पंखा शरीर थंड न करता तापवितो.

वयोवृद्धांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गांभीर्याने घ्यावयास हवी. वयोमानानुसार घाम कमी येतो, तहानेची जाणीवही मंदावते. गच्चीखालच्या मजल्यावर एकटे राहणारे निवृत्तिवेतनधारक खिडक्या लावून, पंखा पूर्ण वेगाने सोडून दुपारभर पडून राहतात आणि ‘पंखा आहे ना’ या समजुतीवर घरची मंडळी निश्चिंत असतात. पंख्याखाली घाम येताक्षणी वाळत असल्याने शरीरातील पाणी कमी होत आहे हे ध्यानातही येत नाही. अशा वेळी अंग ओल्या कपड्याने वारंवार पुसणे, थोड्या थोड्या वेळाने पाणी पिणे, शक्य असल्यास कूलर लावणे किंवा दुपारपुरते खालच्या मजल्यावर येऊन बसणे हे उपाय पंख्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. बोलण्यात असंबद्धता आली वा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून अंगावर पाणी घालावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे.

खिडक्यांचाही नियम आहे. बाहेरची हवा आतल्याहून उष्ण असेतोवर खिडक्या व पडदे बंद ठेवावेत. रात्री बाहेर गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. एखादा टेबलफॅन खिडकीकडे तोंड करून ठेवल्यास आतली कोंदट हवा बाहेर जाते आणि दुसऱ्या खिडकीतून ताजी हवा येते. स्लॅब तापत असेल, तर गच्चीवर पांढरा चुना देणे हा अल्प खर्चाचा आणि गुणकारी उपाय आहे.

पंखा बसविताना पाती छतापासून सुमारे ३० सेंटीमीटर खाली असावीत. छताला चिकटलेल्या पंख्याला वरून हवाच मिळत नाही. जमिनीपासून पात्यांची उंची २.४ मीटरपेक्षा कमी नसावी. लांबट खोलीत एका मोठ्या पंख्यापेक्षा दोन पंखे बरे. पंखा मंद झाला की नवा घेण्यापूर्वी त्याचा कंडेन्सर तपासून घ्यावा. बहुतेक वेळा दोष तेथेच असतो आणि खर्च अगदी किरकोळ येतो.

आता आर्थिक बाजू. जुन्या पद्धतीचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बी.एल.डी.सी. मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास व वर्षातून ८ महिने वापर धरल्यास फरक सुमारे १३० युनिटांचा होतो. युनिटचा दर ८ रुपये मानला, तर वार्षिक बचत १,०४० रुपये. दोन पंख्यांच्या किमतींत १,२०० रुपयांचे अंतर असेल, तरी ते दुसऱ्या उन्हाळ्यात भरून निघते. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकित ऊर्जा-लेबल बंधनकारक आहे, ते पाहूनच खरेदी करावी. मात्र पाहुण्यांच्या खोलीत महिन्यातून दोनदा फिरणारा पंखा बदलण्यात काही हशील नाही. झोपण्याच्या खोलीतील आधी बदलावा. बी.एल.डी.सी. पंखा भिंतीवरील जुन्या रेग्युलेटरला जोडू नये, वेग त्याच्या स्वतःच्या नियंत्रकानेच बदलावा. जुना पंखाच ठेवावयाचा असल्यास निदान पेटीसारखा, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर काढून इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवावा, म्हणजे कमी वेगावर तरी वीज वाचेल.