रानाची कड आणि गोचीड : माकडतापाचा पाठ



काजूचा हंगाम सुरू झाला की आपल्या पटावरील काही मुले दुपारनंतर दिसेनाशी होतात, हे आपणांस मी निराळे सांगावयास नको. ती कोठे जातात हेही आपण जाणता. आजचा पाठ मुख्यतः त्या मुलांसाठी आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत पाचवीच्या वर्गास मी विचारले, “माकडताप कशाने होतो?” एका मुलाने ताडकन उत्तर दिले, “माकड चावल्यान्!” साऱ्या वर्गाने होकार भरला आणि मीही ते उत्तर तसेच पुढे जाऊ दिले. कारण मलाही त्याहून अधिक नीट ठाऊक नव्हते. ती चूक आज दुरुस्त करीत आहे.

इ. स. 1957 मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर नावाच्या रानात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासची माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा एक नवाच विषाणू आढळला. तो एका अंगातून दुसऱ्या अंगात नेणारी होती गोचीड. माकड हे या रोगाचे उगमस्थान नसून आपल्यासारखेच त्याला बळी पडणारे आहे. पुढे हा रोग दक्षिणेकडून आपल्या दाराशी आला. 2015 साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात पाली येथे, 2016 साली आपल्याच जिल्ह्यात दोडामार्गातील केर गावी आणि 2017 साली बांदा परिसरात त्याने माणसे दगावली.

गोचिडीचे आयुष्य फळ्यावर काढून दाखवावे. अंड्यातून निघते ते सहा पायांचे पिल्लू. ते उंदीर, खार, पक्षी अशा लहान प्राण्यांचे रक्त पिते. कात टाकल्यावर त्यास आठ पाय येतात. ही मधली अवस्था तिळाहूनही लहान असते आणि माणसास मुख्यतः तीच चावते. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांच्या अंगावर पोसते. एका अवस्थेत शिरलेला विषाणू पुढच्या अवस्थेतही टिकून राहतो. मुलांना पाय मोजावयास सांगितले, तर हा भाग ती विसरत नाहीत.

आता खरा प्रश्न : गोचीड राहते कोठे? दाट रानापेक्षा रानाची कड तिला अधिक मानवते. रान तोडून बाग केली, बागेशेजारी गुरे चरू लागली, म्हणजे रानातला उंदीर, झाडावरचे वानर, गोठ्यातील गाय आणि माणूस ही चौघे एकाच पालापाचोळ्यावर येतात. गाईत हा विषाणू फारसा वाढत नाही, पण तिच्या रक्तावर गोचिडींची संख्या मात्र वाढते. अमेरिकेत लाइम नावाच्या गावावरून ओळखला जाणारा गोचिडीचाच एक रोग आहे. तो जिवाणूचा, आणि तेथे उंदीर व हरिण ही यजमान. परंतु तोही रानालगतच्या वस्तीत, झुडपांत नि पाचोळ्यातच माणसास गाठतो. जागा बदलली तरी कड तीच!

करूळ-भुईबावड्याच्या पायथ्याशी आपली मांडणी याहून निराळी नाही. आठ पायांच्या पिल्लांचा सुळसुळाट साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत असतो. नेमक्या त्याच दिवसांत आपण काजूबिया वेचतो, भाजावळीसाठी आणि गोठ्यात अंथरण्यासाठी पातेरा गोळा करून डोक्यावरून आणतो. हे काम बंद करा, असे सांगणे फुकट आहे. पोट त्यावर चालते. अंगभर कपडे घालणे, पाचोळ्यावर न बसणे, आरोग्य केंद्रातून मिळणारे तेल उघड्या अंगास लावणे, घरी येताच कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करणे, एवढे मात्र मुले घरी सांगू शकतात आणि आयांना ते पटतेही. गोचीड चिकटलेली आढळल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये, बोटांनी चिरडू नये.

एक गोष्ट नाजूक आहे. मेलेल्या वानरास हार घालून, नारळ ठेवून पुरण्याची चाल आपल्याकडे आहे आणि तीमागील भाव आदराचाच आहे. परंतु वानर मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरून नवे अंग शोधू लागतात. म्हणून मुलांनी त्या जागेजवळ जाऊ नये. वनखात्यास व आरोग्य केंद्रास कळवावे आणि नमस्कार दुरूनच करावा. जिवंत माकडांस दगड मारणाऱ्या मुलांनाही ती स्वतःच आजारी पडतात हे सांगावे.

चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, डोके व अंग विलक्षण दुखते. काहींच्या नाकातोंडातून रक्त येते. या रोगावर नेमके औषध नाही. शंभरांत तीन ते पाच रोगी दगावतात. वेळीच दवाखान्यात नेल्यास शरीरातील पाणी व रक्तस्राव यांकडे लक्ष देता येते. हा ताप माणसापासून माणसास लागत नाही, म्हणून आजारी मुलाच्या भावंडांस शाळेतून परत पाठविण्याचे कारण नाही.

हंगामात एखादे मूल तापाने गैरहजर राहिले, तर हजेरीपटावर केवळ ‘गै’ लिहून थांबू नये. गेल्या आठवड्यात ते रानात वा बागेत गेले होते काय, हे त्याच्या घरी जाऊन विचारावे आणि उत्तर ‘होय’ आल्यास त्याच दिवशी त्यास आरोग्य केंद्रात पाठवावे.