इसार देण्याआधी गुरुजींची भिंत बघा

कुरुंद्यात कुणाला प्लॉट घ्यायचा झाला, की दलालाच्या नजरेआड एक फेरी निवृत्त गुरुजींच्या घराकडे होते. गुरुजी चहा सांगतात, कागद मागतात आणि मग पाहुण्याला मागच्या खोलीत नेतात. तिथे भिंतीवर गेरूची एक आडवी रेघ आहे. जुलै 2022 च्या अतिवृष्टीत गावात पुराचं पाणी शिरलं, ते या घरात जिथवर चढलं तिथे ती ओढलेली. नंतर घर रंगवलं, रेघ तशीच ठेवली. ‘माझी पूररेषा’ म्हणतात तिला. या लेखासाठी त्यांनी एकच अट घातली: नाव छापू नका, चूक छापा.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं हे गाव मोठं. टोकाईचा डोंगर, त्याच्याच नावाचा सहकारी साखर कारखाना, पोलीस ठाणं, भोवती हळद आणि ऊस. जुन्या गावठाणात भावाभावांच्या वाटणीलाच जागा पुरत नाही, मग वस्ती रस्त्याच्या कडेने, शेतांमध्ये सरकते. गुरुजीही तसेच सरकले. सोबतच्या नोकरदारांसह आठ जणांनी मिळून शेतजमिनीचा एक अख्खा गट घेतला. गट अख्खा विकला तर तुकडेबंदी, म्हणजे शेतजमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरची बंदी, आड येत नाही, ही दलालाची शक्कल. खरेदीखत रीतसर नोंदवलेलं, सातबाऱ्यावर आठही नावं. आत चुन्याची फक्की मारून आठ भाग पाडले, मधे वीस फुटांचा रस्ता सोडला. तो रस्ता फक्कीतच राहिला, नकाशावर कधी चढला नाही.

“जन्मभर पोरांना नकाशा वाचायला शिकवला अन् स्वतःच्या प्लॉटचा नकाशा मागितला नाही,” गुरुजी सांगतात. “दलाल म्हणाला, गावठाणाला लागूनच आहे, एनए करायची गरज नाही. मी म्हणलं, बरं. पाणी येतं का, विचारलं. तर म्हणतो, गुरुजी, इथं पाणी यायला नदी उलटी वाहावी लागंल. नदी काही उलटी वाहिली नाही. सरळच आली.”

पूर ओसरला, गाळ उपसून झाला, आणि दुरुस्तीसाठी कर्ज काढायला गेल्यावर दुसरा पूर आला, तो कागदांचा. बँकेने अकृषिक, म्हणजे एनएचा, आदेश मागितला, मंजूर रेखांकन मागितलं. गुरुजींकडे होता सामाईक सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. तो उतारा त्यांनी मालकीचा कागद म्हणून जपून ठेवला होता. खरं तर ती घरपट्टीच्या आकारणीची नोंद. विनापरवाना बांधकामालाही घरपट्टी लागते, म्हणून पावती हातात आली की घर कायदेशीर झालं, असं होत नाही. या एका गैरसमजापायी खेडोपाडी किती माणसं निर्धास्त झोपतात, याला गणती नाही.

दलालाचं गावठाणाचं वाक्य मात्र पूर्ण खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 मध्ये 2017 साली कलम 42-ड आलं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीला अकृषिक वापराची वेगळी परवानगी लागत नाही. रूपांतरण कर आणि लागू ती रक्कम भरली की पुरतं. पण हे 200 मीटर शेवटच्या घरापासून धरायचे नसतात. गावठाणाची हद्द ही भूमिअभिलेखाच्या नकाशावरची रेषा, ती कधीच मागे राहून गेलेली असते. शिवाय पैसे न भरता जमीन आपोआप बदलत नाही. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 असेल तर नजराण्याचा प्रश्न वेगळा. आणि जमीन अकृषिक होणं म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

गुरुजींनी टेप घेऊन मोजलं नाही. मोजणीचा अर्ज केला. त्यांचं अर्धं घर 200 मीटरच्या आत निघालं, अर्धं बाहेर. हे सांगताना ते अजूनही हसतात.

आता कुणी विचारायला आलं, की ते आधी गट नंबर विचारतात. महाभूनकाशा या शासकीय संकेतस्थळावर तो उघडून शेतातून नाला किंवा ओढा जातो का, ते पाहतात. जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण लहान नद्या-ओढ्यांसाठी अशी आखणी क्वचितच झालेली असते. मग शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्याला विचारायचं, बाविसला पाणी कुठवर होतं. त्यानंतर रेखांकन. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठी जमीन प्लॉट पाडायला काढली, तर 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते, रस्ते नकाशावर दाखवून मंजूर करून घ्यावे लागतात. फक्कीचे प्लॉट थोडे स्वस्त का, याचं उत्तर इथे आहे: रस्ता आणि मोकळी जागा तुम्हाला विकलेलीच नसते. जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात ‘झोन दाखला’ मिळतो. तो इसार देण्याआधी काढायचा, नंतर नाही.

स्वामित्व योजनेचं नाव घेऊन काही जण येतात. ड्रोनने मोजून मालमत्ता पत्रक देणारी ही योजना 2020 पासून सुरू आहे. महाराष्ट्रात तिची सुरुवात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीतून झाली. चांगली योजना, पण ती गावठाणातल्या घरांसाठी. शेतात पसरलेल्या वस्तीला तिचा उपयोग नाही. 2025 मध्ये तुकडेबंदीतले जुने व्यवहार शुल्क न घेता नियमित करण्याची वाट शासनाने मोकळी केली, तीही ठरावीक क्षेत्रांपुरती. आपला गट त्यात बसतो का, हे तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, लेखी घ्यावं.

ही सगळी तपासणी ज्याची त्याने करायची, कारण मुळात गावाची आखणीच होत नाही. मराठवाड्याला गावाची आखणी करून द्यायला शासन आलं ते एकदा, फार मोठ्या प्रमाणावर: 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर. लातूर-उस्मानाबादमधली पन्नासहून अधिक गावं नव्या जागी वसली.  आपत्तीआधी आखणी करणारी राज्यंही जगात आहेत. अमेरिकेतल्या ओरेगनने 1973 च्या कायद्याने प्रत्येक शहराला आपल्या वाढीची हद्द आखायला लावली, आणि त्यासाठी तांत्रिक मदत नि अनुदानही दिलं. आपल्याकडे 73 व्या घटनादुरुस्तीने 29 विषय पंचायतींकडे सोपवण्याची वाट केली. ‘आमचा गाव आमचा विकास’ आराखडा दरवर्षी होतो. त्यात गटार येतं, सभागृह येतं. पुढची शंभर घरं कुठे बांधायची नाहीत, हा प्रश्न ग्रामसभेत निघाल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं. गुरुजी तो 2 ऑक्टोबरच्या सभेत काढतात. लोक ऐकून घेतात, गुरुजी आहेत म्हणून.

परवा एक तरुण आला, इसाराची रक्कम खिशातच होती. गुरुजींनी गट उघडला. मधोमध नाल्याची वाकडी रेघ.

“तो नाला बुजवलाय म्हणे, गुरुजी.”

“जमिनीवर बुजवलाय. वरून येणाऱ्या पाण्याला सांगितलंय का कुणी?”

तरुण थोडा वेळ मोबाइलकडे बघत बसला. मग त्याने मागच्या खोलीतली रेघ पाहायला मागितली.