कसबी कारागीर डिडॅलस

मुलांनो, पांडवांची मयसभा बांधणारा मयासुर तुम्हांला ठाऊक आहे. ग्रीक लोकांच्या पुराणकथांतही असाच एक कारागीर आहे. त्याचं नाव डिडॅलस.

डिडॅलस अथेन्स शहरात राहायचा. बांधकाम, सुतारकाम, मूर्तिकाम, सगळ्यांत पटाईत! त्याचा भाचा त्याच्याकडे काम शिकायला होता. पोरगं भारी हुशार. माशाचा काटा पाहून त्यानं लोखंडाच्या पट्टीला दाते पाडले आणि करवत तयार केली. मामाला कौतुक वाटायला हवं होतं, पण वाटला मत्सर. त्यानं भाच्याला उंच गडावरून ढकलून दिलं. या गुन्ह्यामुळे डिडॅलसला अथेन्स सोडावं लागलं.

तो क्रीट बेटावर मिनॉस राजाच्या आश्रयाला गेला. तिथे मिनोटॉर नावाचा राक्षस होता. धड माणसाचं, डोकं बैलाचं! त्याला कोंडण्यासाठी डिडॅलसनं भुलभुलय्या बांधला. आत शिरलेल्याला बाहेरची वाट सापडत नसे. अथेन्सहून आणलेले सात मुलगे आणि सात मुली त्यात सोडल्या जात. शेवटी थिसियस या वीराने राक्षसाला मारलं. दाराशी दोरा बांधून तो उलगडत आत गेला आणि त्याच दोऱ्याच्या आधाराने परत आला. ही युक्ती राजकन्येनं त्याला दिली, आणि तिला डिडॅलसनं!

राजा संतापला. त्यानं डिडॅलसला आणि त्याचा मुलगा इकॅरस याला त्याच भुलभुलय्यात डांबलं. समुद्रावर राजाचा पहारा. मग डिडॅलसनं पिसं, दोरा आणि मेण घेऊन पंख केले. त्यानं मुलाला बजावलं, “फार खाली उडू नकोस, पाण्यानं पिसं जड होतील. फार वर जाऊ नकोस, उन्हानं मेण वितळेल.” पण उडण्याच्या आनंदात इकॅरस उंच उंच गेला. मेण वितळलं आणि तो समुद्रात पडला. त्या समुद्राला आजही इकॅरसचंच नाव आहे.

डिडॅलस सिसिली बेटावर पोचला. मिनॉस त्याला शोधत तिथेही आला. पण तिथेच तो मारला गेला.

यात खरं किती? आर्थर एव्हान्स यांनी १९०० साली क्रीटमधील नॉसॉस येथे मोठं उत्खनन सुरू केलं. तिथे असंख्य खोल्यांचा राजवाडा सापडला. भुलभुलय्याची कथा त्यावरूनच निघाली असावी, असं काहींना वाटतं. उंचावर मेण मात्र वितळणार नाही, कारण वर जावं तशी हवा थंड होत जाते. २३ एप्रिल १९८८ रोजी ‘डिडॅलस’ नावाचं, पायडल मारून चालवायचं विमान क्रीटहून सांतोरिनी बेटापर्यंत सुमारे ११५ किलोमीटर उडालं. किनारा अगदी जवळ आल्यावर ते पाण्यात उतरलं.

आता विचार करा. डिडॅलसचा हात कसबी होता. पण भुलभुलय्यात कोण मरणार, हे त्यानं बांधण्यापूर्वी विचारलं नाही. आपण बनवलेल्या वस्तूचा उपयोग कशासाठी होणार, हे पाहणं हेही कारागिराचंच काम आहे.

प्रश्न
१. भाच्याला करवतीची कल्पना कशावरून सुचली?
२. डिडॅलसच्या जागी तुम्ही असता, तर राजाला काय सांगितलं असतं?

करून पाहा : पाटीवर भुलभुलय्या काढा. शेजाऱ्याला वाट सापडली नाही, तर तुम्हांला तरी सापडते का बघा!