चार वाजताची एसटी

नाताळच्या सुट्टीसाठी बोर्डिंग रिकामं व्हायचं, त्या दिवशी मी पहाटेच वळकटी बांधून पत्र्याच्या पेटीवर बसायचे. पेटीवर पांढऱ्या रंगात माझं नाव वडिलांनीच घातलं होतं. आई वारली तेव्हा मी सहा वर्षांची. वर्षभरात वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला नगर जिल्ह्यातल्या एका मिशनच्या बोर्डिंगात ठेवलं. "सुट्टीला न्यायला येतो," म्हणाले. आमच्या गावाकडची शेवटची एसटी चार वाजता यायची. मेट्रनबाई म्हणायच्या, "बाळ, दोन घास खाऊन घे." मी उठत नसे. जेवायला गेले आणि तेवढ्यात ते येऊन परत गेले तर? सात नाताळ मी अशी बसले. ते एकदाही आले नाहीत.

वडिलांचा हिशेब मांडायला हे लिहीत नाही. पुढे मी स्वतः जी चूक केली, ती दुसऱ्या कुणी करू नये म्हणून लिहिते आहे.

कॉलेजात असताना एका प्रार्थनासभेत वक्त्यांनी विचारलं, आईवडिलांना क्षमा करायला कोण तयार आहे? मी उभी राहिले. साक्ष दिली. बायका रडल्या, सगळे 'आमेन' म्हणाले. त्यानंतर किती तरी वर्षं तीच साक्ष मी गावोगावच्या मंडळ्यांत देत राहिले. घरी मात्र यांना कामावरून यायला तासभर उशीर झाला की माझे हातपाय गार पडत. ते आले की दोन-दोन दिवस मी अबोला धरायची. कुणी आपल्याला टाकण्याआधी आपणच तोडून मोकळं व्हायचं, ही सवय जडली होती. जिवाभावाच्या मैत्रिणी अशाच गेल्या. प्रभूशीही तेच. एखाद्या रविवारची उपासना चुकली आणि मूल तापाने फणफणलं, की वाटायचं, त्यानंही आता पाठ फिरवली. प्रभूच्या प्रार्थनेतला 'पित्या' हा शब्द तर माझ्या नुसत्या ओठांवर असायचा.

एकदा माळा झाडताना यांना एक पिशवी सापडली. आत दोन साड्या, माझे दाखले आणि रुमालात बांधलेले पैसे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. "ही कशाला भरून ठेवलीस?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता येईना.

मग मी आमच्या एका वयस्कर पाळकबाईंकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "क्षमा केलीस म्हणतेस, पण कशाची, हे प्रभूला कधी सांगितलंस का गं?" आणि योसेफाची गोष्ट पुन्हा वाचायला लावली. योसेफाने थोरल्या मुलाचं नाव मनश्शे ठेवलं, म्हणजे विसर पाडणारा. देवाने मला बापाच्या घराचा विसर पाडला, असं तो म्हणाला. हे वचन मी साक्षीत नेहमी घ्यायची. पण विकणारे भाऊ धान्यासाठी दारात आले, तेव्हा तोच योसेफ बाजूला जाऊन रडला. धाकट्या बन्यामिनाला पाहून खोलीत जाऊन रडला, तोंड धुऊन बाहेर आला. भावांना त्याने लगेच ओळखही दिली नाही. आधी पारखून घेतलं. मुलाचं नाव 'विसर' ठेवूनही जखम उरली होती, आणि शास्त्र त्याला त्याबद्दल एका शब्दाने रागवत नाही!

स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं किती तरी आहेत. आपण उपकारस्तुतीची गातो आणि ही ओलांडून जातो. स्तोत्र २७ मध्ये आईबाप टाकून देतात हे आधी स्पष्ट म्हटलंय, मग परमेश्वर जवळ घेतो हे येतं. मी पहिला भाग गिळून थेट दुसऱ्यावर उडी मारली होती. म्हणून सांगते, क्षमेची घाई करू नका. दार लावा आणि जे झालं ते प्रभूला नावानिशी सांगा, रागाने सांगावंसं वाटलं तर रागाने. तो ऐकतो, हे मी अनुभवलंय.

एवढ्यावर माझं भागलं नाही. पुण्याला एका समुपदेशक बाईंकडे मी दोन वर्षं जात होते. मंडळीत कुणी म्हणालं, हा अविश्वास. मला ते पटत नाही. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशनचं हॉस्पिटल उघडलं, ते विश्वास कमी पडला म्हणून नव्हे. मनाच्या दुखण्यालाही औषध घ्यावं. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. आणि क्षमा म्हणजे परत त्याच घरात जाऊन राहणं नव्हे. जिथे मारहाण किंवा अत्याचार झाला, तिथे क्षमेच्या नावाखाली कुणाला धाडू नका.

गेल्या वर्षी मी वडिलांना भेटून आले. "का नाही आलात?" हे विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "परिस्थिती नव्हती." परतीच्या एसटीत मी नगरपर्यंत रडले. त्यांच्या औषधांचे पैसे आता मी पाठवते. त्यांना घरी मात्र आणलेलं नाही. ती पिशवी रिकामी केली आहे.

तुमच्या मंडळीजवळ बोर्डिंग असेल, तर या नाताळात मेट्रनबाईंना विचारा, कुणाला न्यायला कोणी येणार नाही. रीतसर परवानगी काढा आणि त्या लेकराला घरी जेवायला न्या. सकाळीच जा.