जुना संगणक आणि लिनक्स : शिक्षकांसाठी एक अभ्यासपाठ

शाळेच्या कार्यालयात कापड पांघरून ठेवलेला संगणक पुष्कळ गावांतून पाहावयास मिळतो. तो बिघडलेला असतोच असे नाही. बहुधा तो मंद झालेला असतो, आणि मंद झालेल्या यंत्रास लोक बिघडलेले म्हणू लागतात. त्यात आता आणखी एका कारणाची भर पडली आहे. विंडोज १० ह्या प्रणालीस मिळणारा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या पुढील विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग आणि ठरावीक यादीतील प्रोसेसर असल्यावाचून रीतसर बसत नाही. त्यामुळे सुस्थितीत असलेली अनेक यंत्रे एकाएकी निरुपयोगी ठरल्यासारखी दिसू लागली. अशा यंत्रांवर लिनक्स बसवावे, असा सल्ला तालुक्याच्या गावी कोणी ना कोणी देतोच. हा सल्ला चुकीचा नाही. परंतु तो देणारा मनुष्य पुढील अडचणी सहसा सांगत नाही. त्या अडचणी कोणत्या व त्या का उद्भवतात, हे समजून घेणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

प्रणाली म्हणजे काय

संगणकाची यंत्रसामग्री आणि आपण वापरतो ते कार्यक्रम ह्यांच्यामध्ये जी व्यवस्था काम करते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज ही अशी एक व्यवस्था होय, लिनक्स ही दुसरी. लिनक्सचा जन्म फिनलंड देशातील हेलसिंकी विद्यापीठात झाला. लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्ट महिन्यात आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. त्याच निवेदनात त्याने असेही कळविले होते की, ही प्रणाली आपल्याजवळ असलेल्या जातीच्या हार्ड डिस्कखेरीज दुसऱ्या कशावर बहुधा चालणार नाही. कारण आपल्याजवळ तेवढीच आहे. हे वाक्य विनयाचे होते खरे, परंतु लिनक्सच्या पुढील साऱ्या इतिहासाचे मर्म त्यात आले आहे. ज्याच्या हाती जे यंत्र, त्याने त्या यंत्रापुरती सोय करावी आणि ती सर्वांस खुली करून द्यावी, ह्या रीतीने लिनक्स वाढले. ज्या यंत्राचा अंतर्भाग कोणासच दाखविला गेला नाही, तेथे ते अडखळले.

१९९२ पासून लिनक्स ज्या परवान्याखाली वाटले जाते, तो परवाना अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन ह्यांच्या चळवळीतून आला. ह्या चळवळीच्या मुळाशी प्रिंटर होता, ही गोष्ट शिक्षकांस गमतीची वाटेल. मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशास्त्र संस्थेच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक नवा लेझर प्रिंटर आला. त्यात वारंवार कागद अडके. पूर्वीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये स्टॉलमन ह्यांनी सुधारणा केली होती. कागद अडकला की ज्यांची छपाई खोळंबली असेल त्यांस तसा संदेश जाई. नव्या प्रिंटरच्या बाबतीत तसे करावयाचे, तर त्याच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर हवा. आणि तो ज्याच्याजवळ होता त्याने गुप्ततेच्या करारामुळे देण्याचे नाकारले. पुढे सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन ह्यांनी मुक्त प्रणालीची योजना जाहीर केली. प्रिंटरने त्रस्त झालेला मनुष्य काय करू शकतो, ह्याचे हे उदाहरण होय.

अडचणीचे मूळ : ड्रायव्हर

प्रत्येक उपकरणाशी बोलावयाचे तर प्रणालीस त्या उपकरणाची भाषा यावी लागते. ही भाषा जाणणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात. कारखानदार आपले उपकरण विकताना विंडोजसाठीचा ड्रायव्हर स्वतः तयार करून देतो, कारण त्याचे गिऱ्हाईक तेथे असते. लिनक्ससाठी तो देईलच असे नाही. उपकरणाची माहितीही त्याने प्रसिद्ध केली नाही, तर लिनक्सच्या कार्यकर्त्यांना ते उपकरण बाहेरून न्याहाळून, त्यात काय जाते व त्यातून काय येते ह्यावरून त्याची भाषा ओळखावी लागते. अपरिचित लिपीतील शिलालेख वाचण्यासारखेच हे काम आहे, आणि त्यास वर्षे लागतात.

वाय-फाय हे ह्याचे परिचित उदाहरण. ब्रॉडकॉम कंपनीच्या वाय-फाय चिप अनेक लॅपटॉपमध्ये असत, आणि लिनक्स बसविल्यावर त्या मुक्या होत. ह्या कंपनीने खुला ड्रायव्हर दिला तो २०१० मध्ये. तोही तिच्या सर्व चिपांसाठी नव्हता. एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांविषयी तर २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात खुद्द टॉर्व्हाल्ड्स ह्यांनी जाहीरपणे अत्यंत कडक शब्द वापरले. त्या कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा प्रणालीशी जोडला जाणारा भाग खुला केला तो मे २०२२ मध्ये, आणि तोही तिच्या नव्या कार्डांपुरता. डेबियन ह्या लिनक्सच्या जुन्या व प्रतिष्ठित आवृत्तीचा दंडक असा होता की, मुक्त नसलेला एकही भाग अधिकृत साधनात ठेवावयाचा नाही. दंडक तत्त्वास धरून होता; परंतु त्यामुळे नवशिक्याचे वाय-फाय बंद राही, आणि ते चालू करण्यासाठी लागणारा भाग इंटरनेटवरून आणण्यास वाय-फायच हवे असे. अखेर २०२२ मध्ये सभासदांनी मतदानाने हा दंडक शिथिल केला व जून २०२३ च्या आवृत्तीपासून असे भाग सोबत येऊ लागले. तत्त्व आणि सोय ह्यांच्या झगड्यात सोयीने बाजी मारली. ज्याला उद्या सकाळी शाळेची माहिती भरून पाठवावयाची आहे, त्याला ह्याचा विषाद वाटण्याचे कारण नाही.

वाय-फाय चालत नसेल तेव्हा एक साधा उपाय पुष्कळांस माहीत नसतो. मोबाइल त्याच्या केबलने संगणकास जोडावा व मोबाइलमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. ही जोडणी लिनक्स बहुधा तत्काळ ओळखते. तेवढ्या वाटेने हवा तो ड्रायव्हर उतरवून घेता येतो.

प्रिंटर

शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न प्रिंटरचा. बोनाफाइड दाखला, निकालपत्रक, पोषण आहाराचा हिशेब ह्या सर्वांचा शेवट कागदावर होतो. काही प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल ह्या प्रमाण भाषा स्वतः जाणतात. त्यांना लिनक्सवर फारशी अडचण येत नाही. स्वस्त प्रिंटरांत मात्र ही बुद्धी ठेवलेली नसते. पानाची सारी मांडणी संगणकाने करावयाची, प्रिंटरने फक्त शाई उमटवावयाची, अशी त्यांची रचना असते. साहजिकच ते सर्वस्वी ड्रायव्हरवर अवलंबून राहतात. आपल्याकडे कार्यालयांतून फार पसरलेला एचपी लेझरजेट १०२० हा प्रिंटर पाहावा. त्याच्यात स्वतःचा प्रोग्रॅम कायम साठविलेला नसतो. दर वेळी चालू केला की संगणकाने तो त्याला पुरवावा लागतो. लिनक्समध्ये ह्यासाठी एचपीलिप नावाचे साहित्य आहे, परंतु त्यासोबत कंपनीचा एक स्वतंत्र भाग उतरवून घ्यावा लागतो. तो घेतला नाही, तर प्रिंटर यादीत दिसतो, छपाईचा आदेशही स्वीकारल्यासारखा भासतो आणि कागद मात्र बाहेर येत नाही. कॅनन एलबीपी २९०० हाही कॅप्ट नावाची स्वतःचीच भाषा बोलतो. त्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर निराळा बसवावा लागतो. ह्याउलट अलीकडच्या काळातील नेटवर्कला जोडता येणारे अनेक प्रिंटर कोणत्याही ड्रायव्हरवाचून छापतात. म्हणून नवा प्रिंटर घेण्याचा प्रसंग आला, तर किमतीबरोबर ही गोष्टही दुकानदाराकडून विचारून घ्यावी.

प्रोजेक्टर, आवाज आणि घड्याळ

प्रोजेक्टर जोडल्यावर भिंतीवर नुसते रंगीत चित्र दिसते आणि धडा दिसत नाही, तेव्हा प्रोजेक्टर बिघडलेला नसतो. लिनक्सने त्यास दुसरा, वेगळा पडदा मानलेले असते. ‘डिस्प्ले’च्या मांडणीत जाऊन दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखविण्याची निवड करावी. एचडीएमआय केबल लावताच आवाज नाहीसा होतो, त्याचे कारणही असेच आहे : तो प्रोजेक्टरकडे वळविलेला असतो.

एकाच संगणकावर विंडोज व लिनक्स दोन्ही ठेवली, तर घड्याळ साडेपाच तासांनी मागे पडल्याचे आढळते. ह्याचा भूगोलाच्या तासास चांगला उपयोग करता येईल. संगणकाच्या आतील घड्याळात लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि पडद्यावर दाखविताना भारतासाठी साडेपाच तास मिळविते. विंडोज मात्र आतील वेळ हीच स्थानिक वेळ समजते. म्हणून लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज उघडले की दुपारच्या दोन वाजता सकाळचे साडेआठ दिसतात. दोहोंपैकी एकीस दुसरीप्रमाणे वागण्यास सांगितले म्हणजे हा घोटाळा मिटतो.

मराठी लेखन

ह्या बाबतीत लिनक्सला जो दोष दिला जातो, तो बराचसा त्याचा नव्हे. श्रीलिपी, कृतिदेव इत्यादी जुन्या फाँटांत लिहिलेला मजकूर वस्तुतः रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून लिहिलेला असतो. तो फाँट नसलेल्या कोणत्याही संगणकावर त्या मजकुराची निरर्थक रोमन अक्षरे होतात. मग प्रणाली कोणतीही असो. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे हाच त्यावर टिकाऊ इलाज आहे. युनिकोडमधील मजकूर लिनक्सवर शाबूत राहतो. मात्र विंडोजसोबत येणारा मंगल हा फाँट लिनक्समध्ये नसल्याने दुसरा फाँट त्याची जागा घेतो, ओळींची लांबी बदलते आणि एका पानाचे पत्रक दीड पानाचे होते. लोहित, नोटो, मुक्त ह्यांसारखे मोफत मिळणारे फाँट दोन्ही प्रणालींवर बसवावेत व पत्रके त्यांतच करावीत, म्हणजे हा त्रास राहत नाही.

लेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयारच असतो; केवळ भाषेच्या मांडणीत मराठीची निवड करावी लागते. त्यात ‘ळ’ हा शिफ्टसह एन ह्या कळीवर येतो. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ ह्या शब्दांतील अर्धा र काढता येत नाही, अशी तक्रार असते. त्यासाठी शिफ्टसह जे ही कळ दाबून ‘ऱ’ घ्यावा, मग डी ने हलन्त द्यावा आणि पुढे ‘य’ लिहावा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांतील भेद शुद्धलेखनाच्या तासाला शिकविणाऱ्या शिक्षकाच्या पत्रकात तो दिसला पाहिजे.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर थेट बसत नाही. त्याचे काम लिब्रेऑफिस करते. साधी पत्रे व तक्ते त्यात नीट उघडतात. मॅक्रो असलेल्या एक्सेलच्या फायली पुष्कळदा अडतात. ज्या शाळेचे काम अशा फायलींवर अवलंबून आहे, किंवा जिची डिजिटल स्वाक्षरीची की केवळ विंडोजच्या ड्रायव्हरवर चालते, त्या शाळेने एक तरी संगणक विंडोजचा ठेवावा. विंडोजचे कार्यक्रम लिनक्सवर चालविणारे वाइन नावाचे साधन १९९३ पासून विकसित होत आहे. परंतु कार्यालयाचे निकडीचे काम त्याच्या भरवशावर टाकू नये. मुलांसाठी मात्र जीकॉम्प्री, टक्स पेंट, स्टेलेरियम अशी उत्तम साधने लिनक्सवर विनामूल्य मिळतात.

केरळ राज्याने २००१ मध्ये आयटी ॲट स्कूल ही योजना सुरू केली व पुढे आपल्या शाळांतून लिनक्सच रूढ केले. तेथे प्रत्येक शिक्षकावर ड्रायव्हर शोधण्याची वेळ आली नाही. शाळांसाठी एक खास आवृत्ती राज्याने तयार करविली, पाठ्यपुस्तके तिला धरून लिहिली आणि शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडविले. जेथे अशी पाठराखण नाही, तेथे दोनतीन शाळांनी मिळून एकच आवृत्ती निवडावी. एका शाळेतील अडचण सुटली की दुसरीचीही सुटते.

बसविण्यापूर्वी

प्रथम संगणकाची कुवत पाहावी. चौसष्ट बिटांचा प्रोसेसर नसेल तर वाट बिकट आहे. उबुंटूने २०१७ मध्ये आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ मध्ये बत्तीस बिटांच्या यंत्रांवर नव्याने बसविण्याची सोय काढून घेतली. मेमरी दोन जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलकी मांडणी घ्यावी. तरीही ब्राउझरमध्ये चारपाच पाने उघडली की यंत्र रेंगाळेल. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविल्याने जो फरक पडतो, तो प्रणाली बदलल्यानेही पडत नाही.

त्यानंतर आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर लिनक्स उतरवावे व संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. ह्या पद्धतीत हार्ड डिस्कला हात लागत नाही. आठवडाभर असाच वापर करून वाय-फाय, आवाज, प्रोजेक्टर, प्रिंटर आणि मराठी लेखन ही पाच कामे तपासावीत व प्रत्येकाची नोंद वहीत करावी. लॅपटॉप असल्यास तो मिटून पुन्हा उघडावा. कित्येक लॅपटॉप झोपतात, पण जागे होत नाहीत.

प्रत्यक्ष बसविताना ‘संपूर्ण डिस्क पुसावी काय’ असा प्रश्न पडद्यावर येतो. होकार दिल्यास जनरल रजिस्टरच्या स्कॅन केलेल्या प्रती, मागील वर्षांचे निकाल, मुलांची छायाचित्रे सर्व जाते. आणि ते परत मिळविण्याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. एखाद्या जुन्या विद्यार्थ्यास जन्मतारखेच्या दाखल्यासाठी हीच नोंद उद्या हवी असेल. तेव्हा त्या सर्वांची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी काढून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्यावाचून हे काम हाती घेऊ नये. वीज जाण्याच्या वेळा टाळाव्यात. अद्ययावतीकरण चालू असता वीज गेली तर काही भाग अर्धवट बसतात व ते नंतर दुरुस्त करीत बसावे लागते.

वर्गासाठी कृती : सातवीच्या विद्यार्थ्यांचे गट करून शाळेतील प्रत्येक उपकरणाचे नाव, कंपनी व मॉडेल क्रमांक मागील पट्टीवरून उतरवून घ्यावा. ते उपकरण लिनक्सवर चालले, अडखळत चालले की चाललेच नाही, हे त्यापुढे लिहावे. केंद्रातील इतर शाळांच्या याद्या मिळवून त्या पुढील शिक्षण परिषदेत एकत्र कराव्यात.