ओझ्याने कंबर गेली, तर कागदावर काय लिहायचे?

पिरंगुट, उरवडे, घोटावडे भागातील कारखान्यांत आपल्या वस्त्यांतील अनेक बंधू-भगिनी कामाला जातात. जून 2021 मध्ये उरवड्याच्या कारखान्यातील आगीत कामगार गेले, त्याची बातमी देशभर झाली. ओझ्याने गेलेल्या कमरेची बातमी होत नाही. तो माणूस गुपचूप घरी बसतो.

दुखापत कशी होते? मणक्यांच्या मध्ये गादी असते. ओझे अंगापासून लांब धरून, कमरेत वाकून आणि वळून उचलले की तिच्यावर मोठा ताण येतो. गादी सरकून नस दाबली की कळ पायात उतरते. प्लास्टिक दाण्यांची गोणी 25 किलोची असते. अमेरिकेतील सरकारी कामगार आरोग्य संस्थेच्या सूत्रात, सगळे सोयीचे असले तरी मर्यादा 23 किलोचीच आहे. म्हणून ट्रॉली मागा, नाहीतर दोघांनी मिळून उचला. गुडघ्यात वाका, ओझे पोटाशी धरा, कमरेऐवजी पाय वळवा. बाळंतपणानंतर लवकर जड उचलल्यास अंग बाहेर येण्याचा धोका वाढतो. भगिनींनी हे लाजेने लपवू नये.

दुखल्यावर काय करावे? अंथरुण धरू नका, झेपेल तेवढे चालत राहा. मात्र पायातली शक्ती गेली, जांघेत बधिरपणा आला, लघवी तुंबली किंवा नकळत झाली, तर मालीश नको. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

नोंद कशी करावी? "घरी पडलो म्हणून सांग," असे ठेकेदार सांगतो, हे आम्ही पुष्कळदा ऐकतो. हे वाक्य फार महाग पडते. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीला काम करता येईपर्यंत वेतनाच्या 90 टक्के भत्ता असतो, आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तो हक्क असतो. साध्या आजारपणाला 70 टक्के, तोही वर्षात 91 दिवसांपर्यंत, आणि आधी वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणून त्याच दिवशी सुपरवायझरला सांगा, अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा, साक्षीदाराचे नाव घाला. केसपेपरवर "कामावर ओझे उचलताना" असे डॉक्टरांकडून लिहून घ्या. ईएसआय कापत नसतील, तरी मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क आहे.

इजा होईल इतके ओझे कामगाराला उचलायला लावू नये, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच कलम 34 मध्ये आले. कामगार विम्याची योजना प्रा. अदारकर यांनी 1944 मध्ये सादर केली, तेव्हा कामगार खाते बाबासाहेबांकडे होते. हा हक्क खोट्या वाक्यापायी सोडू नका.